बंद झालेल्या कार्डांचा साठा : पीएलसीच्या दळणवळण कार्डांचे सुटे भाग कसे सांभाळावेत

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सुताचा भाव तोंडपाठ असतो. ग्रे कापडाचा ताका हातात घेतला की वजन किती बसेल तेही तो सांगतो. पण आपल्याच प्रोसेस हाऊसमधल्या पॅनलचे दार उघडून आत ओळीने बसलेल्या करड्या डब्यांपैकी कोणता डबा आज बाजारात मिळतो आणि कोणता मिळेनासा झाला आहे, असे त्याला विचारले तर तो वायरमनकडे पाहतो. आम्हीही असेच पाहत होतो. त्याची किंमत मोजली तेव्हा डोळे उघडले. सबब आजचा हा लेख सुताच्या किंवा रंगाच्या भावावर नसून त्या डब्यांवर आहे.

भिवंडीतल्या आमच्या भागीदारीच्या प्रोसेसमध्ये तीन स्टेंटर आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेंटर म्हणजे रंगवलेले ओले कापड दोन्ही काठांनी पिनांच्या साखळीवर ताणून गरम हवेच्या खोल्यांतून नेणारे यंत्र. पॉलिस्टर कापडाला तेथे १८० ते २०० अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते, तेव्हा कुठे त्याची रुंदी कायम होते. साखळी, पुढचा रोलर, मागचा रोलर, पंखे या सर्वांच्या मोटारी एका तालात फिरल्या पाहिजेत. हा ताल पीएलसी धरते. पीएलसी आणि मोटारींचे ड्राइव्ह यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारे जे कार्ड असते ते दळणवळणाचे कार्ड. कारागीर त्याला 'कम्युनिकेशन कार्ड' किंवा नुसते 'सीपी' म्हणतात.

जुलै २०२२ मध्ये एका पावसाळी रात्री वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. पहाटे दोन नंबरचा स्टेंटर चालता चालता थांबला. खोल्यांत उभे राहिलेले कापड पिवळे पडले, ते वेगळेच. पॅनलमध्ये लाल दिवा लागलेला होता आणि ड्राइव्ह एकही निरोप घेत नव्हते. आमच्या उस्ताद वायरमनने दुपारपर्यंत तपासून सांगितले, "शेठ, सीपी गेला." आम्ही म्हणालो, आणा दुसरा. त्यांनी मान हलवली. ते कार्ड सीमेन्सच्या एस-७ ३०० मालिकेचे, प्रोफीबसचे, सीपी ३४२-५ जातीचे होते. नवे कार्ड मागवावे तर किती आठवडे लागतील ते कोणी खात्रीने सांगेना.

लोहार चाळीत चार दुकाने पालथी घातली. लॅमिंग्टन रोडला फोन केले. अहमदाबादेत एका ओळखीच्या व्यापाऱ्याला कामाला लावले. चौथ्या दिवशी मुंबईच्या एका विक्रेत्याने 'नवा, सीलबंद' म्हणून कार्ड दिले, पैसे रोख घेतले आणि साधे बिल दिले. ते लावले तर बस चालेना. नंबर वरवर सारखा होता, पण शेवटची आवृत्ती दाखवणारे दोन आकडे जुने होते. आमच्या पीएलसीतील प्रोग्रॅमला त्यापुढची आवृत्ती हवी होती. विक्रेता म्हणाला, "तुम्ही ३४२-५ मागितले, मी ३४२-५ दिले." बिलावरही तेवढेच लिहिले होते. भांडायला जागाच नव्हती. अखेर भावनगरहून, अलंगला मोडलेल्या जहाजाच्या पॅनलमधून निघालेले कार्ड अकराव्या दिवशी आले आणि स्टेंटर चालू झाला.

अकरा दिवस! तेवढ्या दिवसांत जॉबवर आलेला दोन गिऱ्हाइकांचा माल दुसऱ्या प्रोसेसला गेला. त्यातले एक गिऱ्हाईक अजून परतलेले नाही.

हिशेब आधी करावा, खरेदी नंतर

सुट्या भागांवर पैसा अडकवणे म्हणजे पैसा मारणे, असे आमचे भागीदार नेहमी म्हणत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. म्हणून कागदावर हिशेब मांडून पाहिला. समजा, एक स्टेंटर दिवसाला १५,००० मीटर कापड काढतो. जॉबच्या दरातून रंग, रसायन, थर्मोपॅकचे इंधन आणि वीज वजा केली की मीटरमागे २ रुपये उरतात. म्हणजे दिवसाचे ३०,००० रुपये. पगार, भाडे, व्याज हे सारे त्यातूनच भागवायचे असते आणि यंत्र बंद असले तरी ते थांबत नाही. अकरा दिवसांचे ३,३०,००० झाले. आता समजा एक कार्ड ४०,००० रुपयांना घेऊन कपाटात ठेवले. त्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर ४,८०० रुपये होतात. सहा वर्षे ते तसेच पडून राहिले तरी व्याज २८,८०० रुपये. यंत्र एक दिवस बंद राहिले तर जे जाते त्याहून हे कमीच आहे.

हा हिशेब पाहून कोणी म्हणेल, मग सर्वच कार्डे दोन-दोन घेऊन ठेवावीत. तसे मुळीच नाही. इनपुट-आउटपुटची साधी कार्डे, २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, रिले, कॉन्टॅक्टर ही चीज बाजारात आज ना उद्या मिळते. दुसऱ्या कंपनीचा २४ व्होल्टचा सप्लाय लावूनही काम भागते. दळणवळणाच्या कार्डाचे तसे नसते. ते एक ठराविक भाषा बोलते, ठराविक आवृत्तीची बोलते आणि त्याच्या जागी दुसऱ्या जातीचे कार्ड बसवले तर प्रोग्रॅम बदलावा लागतो. म्हणून पैसा अडकवायचा असेल तर येथेच अडकवावा. प्रत्येक यंत्राबद्दल एकच प्रश्न विचारावा : हा डबा आत्ता मेला तर यंत्र किती दिवस उभे राहील? उत्तर 'दोन दिवस' असेल तर तो भाग दुकानदाराच्या कपाटात राहू द्यावा. उत्तर 'ठाऊक नाही' असेल तर तो आपल्या कपाटात असला पाहिजे.

कंपनी माल बंद करते म्हणजे काय

पीएलसी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एका दिवसात माल बंद करत नाहीत. आधी जाहीर करतात की अमुक तारखेपासून ही मालिका निवृत्तीच्या वाटेला लागली. त्यानंतर काही काळ ती नेहमीसारखी मागवता येते. मग ती फक्त सुटा भाग म्हणून मिळते आणि भाव वर जातो. पुढे फक्त दुरुस्ती होते. शेवटी तीही बंद होते.

एस-७ ३०० मालिका १९९० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली आणि आपल्याकडच्या रंगकाम-छपाईच्या यंत्रांत, साखर कारखान्यांत, बाटलीबंद मालाच्या यंत्रांत सर्वत्र पसरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून सीमेन्सने तिला निवृत्तीच्या वाटेवर टाकले आहे. त्यानंतर साधारण दहा वर्षे सुटे भाग देण्याची त्या कंपनीची पद्धत आहे. दहा वर्षे ऐकून निर्धास्त होऊ नये. दर कार्डाची तारीख वेगळी असू शकते, म्हणून अधिकृत विक्रेत्याला आपल्या कार्डाचा पूर्ण नंबर देऊन त्याची स्थिती लेखी मागावी. तिच्या आधीची एस-५ मालिका १९७९ साली आली होती. ती कधीच बंद झाली, तरी तिच्यावर चालणारी यंत्रे आजही सापडतात. अमेरिकेच्या ॲलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ ही मालिका २०१७ मध्ये बंद झाली.

खरेदीची योग्य वेळ जाहीर झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे. तेव्हा माल नवा मिळतो, हमीसह मिळतो आणि भाव हाताबाहेर गेलेला नसतो. शेवटच्या वर्षी सर्वच जागे होतात. सुताच्या बाजारात तेजी आल्यावर खरेदीला निघणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

जुनी परदेशी यंत्रे आणणाऱ्या भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या बांधवांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. सेकंडहँड रॅपिअर किंवा स्टेंटर घेताना सर्वजण चेसिस, गिअर, पंखे पाहतात. पॅनल उघडून ते यंत्र कोणत्या भाषेत बोलते हेही पाहावे. मॉडबस ही भाषा १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने काढली. ती खुली राहिली, म्हणून आज शेकडो कंपन्यांचा माल ती बोलतो आणि एक गेला तर दुसरा लावता येतो. प्रोफीबसही अनेकांची आहे. पण एखाद्या कंपनीची खास खाजगी भाषा असेल आणि ती मालिका बंद झालेली असेल, तर यंत्र स्वस्त का मिळते आहे ते समजून घ्यावे. सौदा मोडू नये, पण दोन फाजील कार्डे त्याच सौद्यात मागून घ्यावीत. विकणाऱ्याकडे ती बहुधा असतात आणि त्याला ती रद्दी वाटत असते.

नंबर पुरा वाचावा

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. अक्षरे आणि आकडे मिसळलेला तेवढा लांबलचक इंग्रजी नंबर आमच्या जिभेवर बसत नाही. आता आम्ही तो बोलतच नाही, फोटो पाठवतो. व्यापारी बांधवांनीही हीच सवय लावावी. फोनवर 'एस-सात तीनशेचा सीपी' एवढे सांगून माल मागवला तर आमच्यासारखी फसगत होते. आमच्या कार्डाचा नंबर '६जीके७ ३४२-५डीए०३-०एक्सई०' असा होता. यातील मधल्या भागाच्या शेवटचे दोन आकडे, '०३', हीच आवृत्ती. विक्रेत्याने आणले होते त्यावर याहून जुना आकडा होता. सर्वसाधारणपणे नवी आवृत्ती जुन्याच्या जागी चालते, जुनी आवृत्ती नव्याच्या जागी चालत नाही. यालाही अपवाद असतात, म्हणून इंजिनिअरला विचारून मगच पैसे द्यावेत.

नंबराखेरीज कार्डावर हार्डवेअरची आणि आतल्या फर्मवेअरची आवृत्ती लिहिलेली असते. तीही वहीत उतरवावी. आम्ही आता प्रत्येक पॅनलसाठी एक पान ठेवले आहे. त्यावर कार्डाचा पूर्ण नंबर, दोन्ही आवृत्त्या, बसवल्याची तारीख, बसमधला पत्ता आणि छोट्या स्विचांची मांडणी लिहिलेली असते. प्रोफीबसमध्ये ० ते १२६ पर्यंत पत्ते असतात. काही डब्यांवर पत्ता स्विचाने लावतात. कार्ड काढण्याआधी त्या स्विचांचा फोटो काढला नाही तर नवे कार्ड चांगले असूनही यंत्र त्याला ओळखत नाही, आणि मग चांगल्या कार्डालाच खराब ठरवले जाते. कार्डाची मांडणी कार्डातच साठते की पीएलसीच्या मुख्य डब्यात, हेही इंजिनिअरकडून आधीच लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता त्याचा फोन लागत नाही.

कार्ड गेले असे म्हणण्याआधी

आमचे उस्ताद आता एक नियम पाळतात. लाल दिवा लागला की प्रथम कार्डाला हात लावायचा नाही, केबलला लावायचा. प्रोफीबसची केबल जांभळी असते. आत हिरवी आणि लाल अशा दोन तारा. हिरवी 'ए'ला, लाल 'बी'ला. प्रत्येक कनेक्टरवर एक लहान स्विच असतो. केबलच्या दोन टोकांना तो 'ऑन' आणि मधल्या सर्वांवर 'ऑफ' हवा. सफाई करताना कोणाचा हात लागून मधलाच एखादा 'ऑन' झाला की त्याच्या पुढचे सर्व ड्राइव्ह मुके होतात. आमच्याकडे तीन नंबरच्या स्टेंटरवर २०२४ मध्ये नेमके हेच झाले होते. कपाटातले कार्ड बाहेर काढून झाले होते, पण उस्तादांनी थांबवले.

तपासण्याची सोपी रीत अशी. सर्व वीज बंद करावी, एक कनेक्टर उघडून मीटरने ए आणि बी या तारांमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांचे स्विच बरोबर असतील तर साधारण ११० ओहम येतो. २२० आला तर एकच टोक जोडलेले आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. ११० च्या बराच खाली आला तर कुठेतरी फाजील स्विच 'ऑन' आहे किंवा तारा आपसात चिकटल्या आहेत. एवढी चाचणी साध्या मल्टिमीटरने होते आणि तिच्यामुळे अनेक 'मेलेली' कार्डे जिवंत निघतात.

केबलची लांबी आणि वेगही पाहावा. सेकंदाला १२ मेगाबिट वेगावर केबल १०० मीटरपर्यंतच चालते, दीड मेगाबिटवर २०० मीटर आणि १८७.५ किलोबिटवर १००० मीटर. कापडाच्या यंत्राला बारा मेगाबिटांची गरज नसते. ज्याने यंत्र बसवले त्याने हौसेने वेग वाढवून ठेवला असेल तर तो कमी करून घ्यावा, जुन्या केबलवर आणि जुन्या कार्डावर भार कमी पडतो.

कपाट

सुटा भाग विकत घेतला म्हणजे काम झाले, हा गैरसमज. आमच्याकडे पहिले राखीव कार्ड रंगाच्या गोदामातल्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. भिवंडीचा पावसाळा आणि रसायनांची वाफ! चार महिन्यांत पिनांवर हिरवट थर आला.

कार्ड ज्या चंदेरी किंवा गुलाबी पिशवीत येते ती फेकू नये. अंगावरच्या स्थिर विजेने आतल्या चिप मरतात, त्यापासून ती पिशवी वाचवते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड घालणे म्हणजे त्याचे नुकसान करणे. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी, पावसाळ्याच्या आधी ती बदलावी. कपाट ऑफिसच्या खोलीत, भिंतीपासून थोडे दूर असावे, थर्मोपॅकच्या किंवा बॉयलरच्या बाजूला कधीही नाही. पॉवर सप्लाय आणि ड्राइव्ह यांच्यातले मोठे कपॅसिटर वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिले की कमजोर होतात. म्हणून वर्षातून एकदा तरी त्यांना वीज द्यावी. तसेच गरम जागेतले कपॅसिटर लवकर मरतात. दहा अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब इलेक्ट्रॉनिक्सवाले धरतात. पॅनलचा पंखा आणि त्याची जाळी साफ ठेवणे हा सुट्या भागांवरचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आम्ही एका जुन्या लाकडी फळीवर रेल ठोकून एक छोटा पीएलसी, एक ड्राइव्ह आणि दोन मीटर जांभळी केबल एवढेच जोडून चाचणीची जागा केली आहे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक राखीव कार्ड तेथे अर्धा तास चालवतो आणि पिशवीवर तारीख लिहितो. न तपासलेला राखीव भाग आम्ही साठ्यात धरत नाही.

कार्डांच्या कपाटात आणखी तीन गोष्टी असाव्यात आणि लोक नेमक्या याच विसरतात. एक, प्रोग्रॅमची प्रत. एस-७ ३०० च्या नव्या सीपीयूंत बॅटरी नसते, प्रोग्रॅम एका लहान एमएमसी कार्डात असतो. दिसायला ते कॅमेऱ्यातल्या कार्डासारखे असते, म्हणून एखादा हुशार मुलगा ते संगणकात घालून फॉरमॅट करतो. तसे केले की ते कार्ड पीएलसीसाठी कायमचे निकामी होते. ते चालू यंत्रातून ओढूनही काढू नये. जुन्या एस-५ मध्ये मात्र बॅटरी असते. ती वीज चालू असतानाच बदलावी. वीज बंद करून बॅटरी काढली आणि प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये नसेल तर तो पुसला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे जुना लॅपटॉप. एस-५ चा सॉफ्टवेअर डॉसवर चालणारा, आणि त्याच्या पोर्टची वीस मिलिअँपिअरची जुनी पद्धत आजच्या कोणत्याही लॅपटॉपला समजत नाही, त्याला कन्व्हर्टर लागतो. सिरिअल पोर्ट असलेला चालू लॅपटॉप घरात असेल तर तो मुलांना खेळायला देऊ नये. तिसरी, पासवर्ड. आमच्या एक नंबर स्टेंटरचा प्रोग्रॅम ज्या इंजिनिअरने लिहिला तो आखातात गेला. पासवर्ड मिळवायला सात महिने लागले. नवे काम करून घेताना शेवटचा हप्ता पासवर्ड आणि प्रोग्रॅमची प्रत हातात आल्यावरच द्यावा.

जुन्या मालाचा बाजार

आज मेलेल्या मालिकांची कार्डे मुख्यतः मोडलेल्या कारखान्यांतून आणि मोडलेल्या जहाजांतून येतात. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे तोडली जातात. त्यांच्या इंजिन रूममधले पॅनल भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे येतात आणि तेथे कार्डे सुटी करून, तपासून, फोटोसह विकली जातात. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत आणि त्यांच्यापैकी जे चाचणी करून देतात त्यांचा माल आम्ही नव्याच्या खालोखाल मानतो.

पण ओळख पटवून घ्यावी. जुने कार्ड नवे लेबल लावून विकणारे कमी नाहीत. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या आहेत का, मागच्या पिनांचा सोनेरी रंग उडाला आहे का, जाळीच्या आत धूळ आहे का, खोक्यावरचा सिरिअल नंबर आणि कार्डावरचा एकच आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. जुने असणे हा दोष नाही, जुने असून नवे म्हणून विकणे हा दोष. बिलावर पूर्ण नंबर, आवृत्ती, 'वापरलेले' की 'नवे', आणि चालले नाही तर किती दिवसांत परत, हे लिहून घ्यावे. आमच्या त्या मुंबईच्या सौद्यात एवढे लिहिले असते तर पैसे परत आले असते.

परदेशातून दुरुस्त केलेले सुटे भाग आणायचे असतील तर आपल्या परकीय व्यापार धोरणात त्याला मनाई नाही. मात्र भांडवली यंत्रांच्या अशा भागांचे किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे असे चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास माल कस्टम्समध्ये अडकतो. निकामी कार्डे भंगारवाल्याला किलोवर देण्याचीही आता मुभा नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत संस्थेकडे गेली पाहिजेत.

तशी देण्याआधी मात्र कारागिराला दाखवावीत. २०२२ मध्ये आमचे जे कार्ड 'मेले' होते ते उस्तादांनी फेकले नव्हते. पुढे त्यांनी सुरतेच्या एका चिप बदलणाऱ्या कारागिराकडे ते नेले. केबलच्या तोंडाशी असलेली, निरोप बाहेर सोडणारी लहान चिप तेवढी जळली होती. विजेच्या झटक्यात बहुधा तीच आधी जाते. काहीशे रुपयांत ती बदलली गेली आणि आज ते कार्ड आमच्या कपाटात दुसऱ्या नंबरचे राखीव आहे. जी तरुण मुले मोबाइल दुरुस्तीत गर्दी करीत आहेत त्यांनी या कामाकडे पाहावे. हत्यारे जवळपास तीच, गिऱ्हाईक थोडे पण दाम देणारे.

चौघांचे एक कपाट

आमच्या गल्लीत आणखी तीन प्रोसेस आहेत. चौघांकडे मिळून सात यंत्रे एकाच मालिकेची. प्रत्येकाने एकेक कार्ड घेऊन ठेवण्यापेक्षा चौघांत दोन कार्डे घ्यावीत, असे २०२३ मध्ये ठरले. दोन कार्डे एकाच दिवशी मरण्याचा संभव थोडा आणि खर्च निम्म्यावर.

पहिल्याच वर्षी त्यावरून कटुता आली. एकाने रात्री कार्ड नेले, पंधरा दिवसांनी आणून ठेवले आणि पुढे दुसऱ्याला गरज पडली तेव्हा ते चालेना. पहिला म्हणे, मी चांगले ठेवले. दुसरा म्हणे, तू आपले मेलेले ठेवलेस. दोघे एकाच मशिदीत शेजारी उभे राहणारे, पण तीन महिने बोलले नाहीत. दोष नियत खराब असण्याचा नव्हता, लिहिण्याचा होता. आता सिरिअल नंबर वहीत आहे, कार्डाच्या आत न दिसणाऱ्या जागी रंगाचा ठिपका आहे, देताना आणि घेताना फळीवर चालवून दोघांची सही होते. नेणाऱ्याने तीस दिवसांत तेच कार्ड, किंवा त्याच नंबरचे तपासलेले दुसरे, किंवा त्या दिवसाच्या बाजारभावाने रक्कम जमा करायची. किल्ली ज्याच्या घरी आहे तो चौघांपैकी सर्वांत उशिरा झोपणारा आहे.

मग यंत्रच का बदलू नये

आमचे भागीदार आता उलट टोकाला गेले आहेत. म्हणतात, सर्व पॅनल काढून नवी मालिका बसवू. इंजिनिअरही तेच सांगतो, त्याचा त्यात धंदा आहे. जुना प्रोग्रॅम नव्या पीएलसीत जसाच्या तसा उतरत नाही, काही भाग पुन्हा लिहावा लागतो, ड्राइव्हही कधी कधी बदलावे लागतात आणि यंत्र काही दिवस बंद राहते. तीन स्टेंटर एकदम बदलण्याएवढी रक्कम आमच्याकडे नाही आणि कर्ज काढायची आमची इच्छा नाही.

आम्ही मधला रस्ता धरला आहे. तिघांत सर्वांत जास्त त्रास देणारा एक नंबरचा स्टेंटर आधी बदलायचा. त्याच्यातून निघणारा सीपीयू, प्रोफीबसचे कार्ड, इनपुट-आउटपुटची कार्डे आणि कनेक्टर हे सर्व तपासून दोन व तीन नंबरसाठी राखीव ठेवायचे. म्हणजे उरलेल्या दोघांना पुष्कळ वर्षांचे खाद्य मिळते आणि बाजारातून एकही कार्ड घ्यावे लागत नाही. पुढे दुसरा बदलला की तिसऱ्याकडे दुप्पट साठा होतो. ज्यांच्याकडे एकाच जातीची तीन-चार यंत्रे आहेत त्यांना ही रीत परवडते. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याने शेजारी शोधावा.

एक नंबरच्या पॅनलचे काम ईदच्या सुट्टीत धरले आहे. कामगार गावी जातात, गिऱ्हाइकांचा माल थांबतो, तेव्हा आठ दिवस यंत्र उघडे राहिले तरी कोणी विचारत नाही. इंजिनिअरकडून पासवर्डची अट लिहून घेतली आहे, आणि उस्तादांनी जुनी कार्डे ठेवायला चंदेरी पिशव्या आतापासूनच आणून ठेवल्या आहेत.